नियंत्रण कोणाचे आणि दाद कोणाकडे? : इंटरनेटच्या राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय नियंत्रणाच्या वादाची चिकित्सा

प्रस्तावना

इंटरनेटवर अधिकार कोणाचा असावा, प्रत्येक राष्ट्राच्या सरकारचा की राष्ट्रांच्या वर असलेल्या एखाद्या जागतिक व्यवस्थेचा, हा प्रश्न डिसेंबर २००३ मध्ये जिनिव्हा येथे भरलेल्या 'माहिती समाजविषयक जागतिक शिखर परिषदे'पासून सातत्याने चर्चिला गेला आहे. या परिषदेचा दुसरा टप्पा नोव्हेंबर २००५ मध्ये ट्युनिस येथे पार पडला आणि डिसेंबर २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत तिचा वीस वर्षांचा आढावाही घेण्यात आला. दरम्यानच्या काळात ठराव, जाहीरनामे, अहवाल व त्यांवरील भाष्ये यांचा मोठा संभार जमा झाला. या संपूर्ण वाङ्मयाची मांडणी स्थूलमानाने दोन पक्षांत होते. इंटरनेट हे देशाच्या भूमीप्रमाणेच सार्वभौम सत्तेच्या कक्षेत येते, असे एक पक्ष म्हणतो. तर इंटरनेटला सीमा नाहीत, यास्तव सरकारे, उद्योग, तंत्रज्ञ व नागरी संघटना यांनी मिळून ते चालवावे, असे दुसऱ्या पक्षाचे प्रतिपादन आहे.

ही मांडणी प्रथमदर्शनी समर्पक वाटते. तथापि प्रत्यक्ष प्रकरणे तपासली असता तिच्यातील दोन्ही पदे डळमळीत ठरतात. जिला आंतरराष्ट्रीय म्हटले गेले ती व्यवस्था अडचणीच्या क्षणी एका देशाच्या, किंबहुना त्या देशातील एका राज्याच्या कायद्याखाली उभी असल्याचे आढळते. जिला राष्ट्रीय म्हटले गेले ती पुष्कळ वेळा परदेशी कंपन्यांशी केलेल्या करारांवर आणि नागरिकाच्या हाती न पडणाऱ्या आदेशांवर चालते. ज्याचे नाव, ज्याची जोडणी किंवा ज्याचा मजकूर काढून घेतला गेला त्याने दाद कोणाकडे मागावी, हा प्रश्न दोन्ही पक्षांच्या दस्तऐवजांत क्वचितच येतो. प्रस्तुत लेखात याच कसोटीवर या वादातील काही प्रमुख दस्तऐवज व घटना तपासल्या आहेत.

एक जाहीरनामा आणि एक टिपण

या विषयावरील बहुतेक लेखन जॉन पेरी बार्लो यांच्या 'सायबरस्पेसच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्या'पासून आरंभ करते. दि. ८ फेब्रुवारी १९९६ रोजी दावोस येथून बार्लो यांनी तो प्रसृत केला. त्याच दिवशी अमेरिकेच्या अध्यक्षांनी नव्या दूरसंचार कायद्यावर स्वाक्षरी केली होती आणि त्या कायद्यातील मजकूर-नियंत्रणाच्या तरतुदींवरील रोष हे जाहीरनाम्याचे तात्कालिक निमित्त होते. बार्लो हे 'ग्रेटफुल डेड' या संगीतसमूहाचे गीतकार. त्यांचा गद्याचा सूर उंच पट्टीतला आहे. औद्योगिक जगाच्या सरकारांना उद्देशून ते सांगतात की या नव्या प्रदेशात तुमची सत्ता चालत नाही.

या जाहीरनाम्याचे वाङ्मयीन यश मान्य केले तरी त्यातील एक विसंगती नजरेआड करता येत नाही. राष्ट्रसत्ता नाकारण्यासाठी त्याने जो घाट निवडला तो १७७६ च्या अमेरिकी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा, म्हणजे एका राष्ट्राच्या जन्मपत्रिकेचा आहे. शिवाय तारा, यंत्रे आणि त्यांचे मालक यांविषयी त्यात जवळजवळ काहीच नाही. ज्या प्रदेशाला भूमीच नाही असे म्हटले, त्या प्रदेशाचा सात-बारा कोणाच्या नावावर आहे, हे पाहण्याची गरज बार्लो यांना भासली नाही.

त्याच्या दोन वर्षे आधी, मार्च १९९४ मध्ये, जॉन पोस्टेल यांनी लिहिलेले 'आरएफसी १५९१' हे तांत्रिक टिपण साहित्य म्हणून कोणी वाचत नाही. वस्तुतः या वादातील सर्वांत विचारगर्भ दस्तऐवज तोच होय. पोस्टेल हे दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीविज्ञान संस्थेत बसून इंटरनेटच्या नावांची व क्रमांकांची मूळ नोंदवही सांभाळत. देशवार नावे कोणास द्यावीत, हा प्रश्न त्यांच्यापुढे रोजचा होता. एखादा प्रदेश देश आहे की नाही हे ठरवणे आपल्या कार्यालयाचे काम नव्हे, त्यासाठी आधीच अस्तित्वात असलेली देश-संकेतांची आंतरराष्ट्रीय यादी प्रमाण मानावी, असे त्यांनी लिहून टाकले. सार्वभौमत्वाचा अवघड प्रश्न त्यांनी एका यादीकडे बोट दाखवून बाजूला सारला. नाव सांभाळणारा हा मालक नसून त्या देशाचा आणि जागतिक इंटरनेट-समुदायाचा विश्वस्त आहे, येथे हक्क व मालकी यांची भाषा गैरलागू असून जबाबदारी व सेवा यांची भाषा लागू आहे, असेही त्यांनी म्हटले. भारताचे '.इन' हे नाव १९८९ मध्ये याच रीतीने दिले गेले आणि अनेक वर्षे मुंबईतील जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राने ते सांभाळले. त्या काळी या नोंदीकडे सार्वभौमत्वाचे चिन्ह म्हणून पाहावे, असे फारसे कोणास वाटत नव्हते.

'विश्वस्त' हा शब्द महाराष्ट्रातील वाचकास परिचयाचा आहे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने येथे देवस्थानापासून शिक्षणसंस्थेपर्यंत सर्व विश्वस्तांवर धर्मादाय आयुक्तांची देखरेख आणली. विश्वस्त आला की त्याच्याविरुद्ध अर्ज घेणारे कार्यालयही आलेच, ही जाणीव येथील सार्वजनिक जीवनात मुरलेली आहे. पोस्टेल यांच्या टिपणात तंट्यांसाठी एका पुनर्विलोकन मंडळाचा उल्लेख आहे आणि त्याचे निर्णय बंधनकारक राहतील असेही म्हटले आहे. परंतु ते मंडळ नेमायचे होते पोस्टेल यांच्याच कार्यालयाने. विश्वस्ताची कल्पना इतकी उदात्त असूनही धर्मादाय आयुक्ताची खुर्ची रिकामी राहिली. पुढील तीस वर्षांच्या बहुतेक घडामोडी ही खुर्ची बळकावण्याच्या किंवा ती भरलेलीच आहे असे भासवण्याच्या आहेत.

मूळ नोंदवहीचा ताबा

नोंदवही म्हणजे नेमके काय, हे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. संगणकावर एखादे संकेतस्थळ उघडताना त्याच्या नावाचा शेवटचा भाग, जसे '.इन' वा '.ऑर्ग', प्रथम कोठे शोधायचा याची माहिती एका छोट्या फाइलमध्ये असते. तिला मूळ क्षेत्राची फाइल म्हणतात. ती पुरवणाऱ्या मूळ सर्व्हरांची तेरा नावे असून ती बारा संस्था चालवतात. या तेरापैकी दहा अमेरिकी संस्थांकडे आहेत, हा मुद्दा सार्वभौमत्ववादी लेखनात वारंवार येतो. आज या सर्व्हरांच्या शेकडो प्रती मुंबईसह जगभर आहेत, त्यामुळे या आकड्याला पूर्वीइतका अर्थ राहिलेला नाही. प्रश्न प्रतींचा नाहीच. फेरफार कोण मंजूर करतो, हा आहे.

दि. २८ जानेवारी १९९८ रोजी पोस्टेल यांनी आठ मूळ सर्व्हरांच्या चालकांना पत्र पाठवून फाइलची प्रत आपल्या संस्थेतील संगणकावरून घेण्यास सांगितले. त्यांनी ते केलेही. अमेरिकी प्रशासनाच्या वतीने इरा मॅगझिनर यांनी हस्तक्षेप केल्यावर पोस्टेल यांनी ही केवळ चाचणी असल्याचे सांगून सर्व पूर्ववत केले. काही दिवसांच्या या घटनेत वादातील सर्व पात्रे एकदम प्रकट झाली. विश्वासावर चालणारा तंत्रज्ञांचा समुदाय एका पत्रावर हलला आणि एका सरकारच्या शब्दावर परत फिरला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये 'आयकॅन' ही ना-नफा संस्था कॅलिफोर्निया राज्याच्या कायद्यान्वये नोंदली गेली, ऑक्टोबरमध्ये पोस्टेल यांचे निधन झाले आणि नोंदवहीचे काम अमेरिकेच्या वाणिज्य विभागाच्या देखरेखीखाली या संस्थेकडे आले. देखरेख नाममात्र आहे असे सांगितले जाई. ऑगस्ट २००५ मध्ये प्रौढ मजकुरासाठीच्या '.एक्सएक्सएक्स' या नावाचा निर्णय पुढे ढकलावा असे पत्र वाणिज्य विभागाने धाडले, तेव्हा नाममात्र या शब्दाचा खरा भाव कळला. ते नाव मंजूर होण्यास २०११ साल उजाडले.

ट्युनिस ते न्यूयॉर्क

या पार्श्वभूमीवर ट्युनिसची परिषद भरली. तिच्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या चाळीस सदस्यांच्या कार्यगटाचे अध्यक्षपद नितीन देसाई या भारतीय मुत्सद्द्याकडे होते. जुलै २००५ मधील त्यांच्या अहवालाने देखरेखीचे चार पर्याय मांडले आणि कोणत्याही एका सरकारचे वर्चस्व नसावे असे सुचवले. अहवालाची भाषा संयत आहे व चारही पर्याय मांडताना त्याने कोणासही झुकते माप दिलेले नाही. परंतु चारही पर्यायांत प्रश्न एकच आहे : मेजाभोवती कोण बसणार? मेजावरील निर्णयाने ज्याचे नुकसान झाले तो कोणते दार ठोठावणार, याचा विचार अहवालात अगदी अल्प आहे. ट्युनिसच्या अंतिम मसुद्याने सर्व सरकारांची भूमिका समान मानली, परस्परांच्या देशवार नावांत ढवळाढवळ करू नये असे म्हटले, 'वर्धित सहकार्य' हा कोणालाच नीट न कळलेला शब्दप्रयोग घातला आणि निर्णयाधिकार नसलेला एक चर्चामंच स्थापन केला. हा मंच पहिल्यांदा २००६ मध्ये अथेन्स येथे आणि डिसेंबर २००८ मध्ये हैदराबाद येथे भरला. यजमान ट्युनिशियाचे तत्कालीन सरकार स्वतःच्या नागरिकांची संकेतस्थळे रोखत होते, ही बाब परिषदेच्या सभागृहात अवघडलेपण आणणारी ठरली. मसुद्यावर तिचा परिणाम मात्र दिसत नाही.

भारताची भूमिका या काळात अनेकदा बदलली. दि. २६ ऑक्टोबर २०११ रोजी न्यूयॉर्क येथे भारताने पन्नास सदस्य-राष्ट्रांच्या एका समितीचा प्रस्ताव मांडला. ही समिती दरवर्षी दोन आठवडे जिनिव्हात भरावी, तिने इंटरनेटचे तांत्रिक व्यवस्थापन करणाऱ्या संस्थांवर देखरेख ठेवावी, तंट्यांत लवादाचे काम करावे व संकटकाळ हाताळावा, अशी ती योजना होती. प्रस्तावाचा हेतू न्याय्य होता. एका देशाच्या वाणिज्य विभागाने जगाची नोंदवही तपासावी हे कोणत्याही प्रजासत्ताकास खटकावे असेच होते. परंतु वर्षातून दोन आठवडे भरणारी समिती लवाद म्हणून कशी चालणार आणि तिच्यापुढे व्यक्तीला उभे राहता येणार काय, याविषयी मसुदा मोघम आहे. पुढे डिसेंबर २०१२ मध्ये दुबई येथील दूरसंचार परिषदेत ८९ राष्ट्रांनी नव्या करारावर स्वाक्षऱ्या केल्या. भारताने त्या वेळी केली नाही. एप्रिल २०१४ मध्ये साओ पाउलो येथील 'नेटमुंडियाल' परिषदेच्या निवेदनासही भारताने संमती दिली नाही. जून २०१५ मध्ये मात्र ब्युनॉस आयर्स येथे भारताच्या मंत्र्यांनी बहुहितधारक पद्धतीस पाठिंबा जाहीर केला. याला काही भाष्यकार धरसोड म्हणतात. ती धरसोड असेल. पण ज्या दोन पर्यायांत निवड करायची होती ते दोन्ही अपुरे होते, हेही तिचे एक कारण मानावे लागते.

'आंतरराष्ट्रीय' म्हणजे कोठे?

एडवर्ड स्नोडेन यांच्या २०१३ मधील गौप्यस्फोटानंतर अमेरिकेस आपली देखरेख टिकवणे कठीण झाले. मार्च २०१४ मध्ये वाणिज्य विभागाने ती सोडण्याचा इरादा जाहीर केला. अमेरिकेतील चार राज्यांनी न्यायालयात धाव घेतली, टेक्सासमधील संघीय न्यायालयाने स्थगिती नाकारली आणि दि. १ ऑक्टोबर २०१६ पासून तो करार संपुष्टात आला. या दिवसाचे वर्णन पुष्कळांनी इंटरनेटच्या आंतरराष्ट्रीयीकरणाचा दिवस असे केले. त्या वर्णनात अर्धेच सत्य आहे. करार संपला, आयकॅन मात्र कॅलिफोर्नियातच राहिली. तिच्या संचालक मंडळास दूर करण्याचा अधिकार ज्या 'सबलीकृत समुदाया'स देण्यात आला, त्या समुदायालाही कायदेशीर अस्तित्व हवे म्हणून त्याची रचना कॅलिफोर्नियाच्या कायद्याखालील एक अनोंदित ना-नफा संघटना अशी करण्यात आली. जागतिक समुदाय ही कल्पना कायद्याच्या कागदावर उतरताना एका राज्याची रहिवासी झाली.

याचा प्रत्यय '.ऑर्ग' प्रकरणात आला. एक कोटीहून अधिक नावे असलेले हे क्षेत्र सेवाभावी संस्थांचे मानले जाते. महाराष्ट्रातील अनेक सामाजिक संस्थांचे पत्तेही त्यातच आहेत. नोव्हेंबर २०१९ मध्ये ते सांभाळणारी ना-नफा संस्था 'एथॉस कॅपिटल' या खासगी गुंतवणूक कंपनीस विकण्याचा व्यवहार जाहीर झाला. किंमत होती ११३ कोटी ५० लाख डॉलर. ज्या वस्तूविषयी पोस्टेल यांनी मालकीची भाषा गैरलागू ठरवली होती तिला आता बाजारभाव होता. जगभरातील संस्थांनी निषेध केला आणि आयकॅन निर्णय लांबवत राहिली. दि. १५ एप्रिल २०२० रोजी कॅलिफोर्नियाच्या महाअधिवक्त्यांनी हा व्यवहार नाकारावा असे पत्र आयकॅनला लिहिले आणि ३० एप्रिल रोजी आयकॅनने तो नाकारला. कॅलिफोर्नियात धर्मादाय संस्थांवर देखरेख ठेवणारे अधिकारी हेच महाअधिवक्ते होत. धर्मादाय आयुक्ताची खुर्ची अखेर भरलेली आढळली, परंतु ती एका अमेरिकी राज्याच्या राजधानीत. निर्णय इष्ट झाला याबद्दल दुमत नसावे. तथापि पुण्यातील वा नैरोबीतील संस्थेला त्या अधिकाऱ्याच्या निवडणुकीत मत नव्हते आणि तिच्या अर्जाला उत्तर देण्याचे बंधनही त्यांच्यावर नव्हते. योगायोगाने लाभलेला न्याय हा व्यवस्थेने दिलेला न्याय नव्हे.

दोन वर्षांनी या व्यवस्थेची दुसरी बाजू दिसली. रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर, फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस, युक्रेनच्या सरकारने आयकॅनला पत्र लिहून '.आरयू' आदी रशियन नावे रद्द करावीत अशी मागणी केली. आयकॅनने २ मार्च रोजी नकार दिला. आपली भूमिका तटस्थ असून नावे रद्द करणे हे शिक्षेचे साधन नव्हे, असा तिचा युक्तिवाद होता. युरोपचे क्रमांक वाटप करणाऱ्या ॲम्स्टरडॅमच्या संस्थेनेही तसाच नकार दिला. दोन्ही नकार योग्यच होते, कारण नोंदवही एकदा युद्धात उतरली की ती नोंदवही राहत नाही. परंतु त्याच महिन्यात 'कोजेंट' व 'लुमेन' या दोन मोठ्या अमेरिकी कंपन्यांनी रशियातील ग्राहकांशी असलेल्या जोडण्या स्वतःहून तोडल्या. सर्व शिखर परिषदांत ज्या कृतीवर खल झाला असता ती कृती ग्राहक-करारातील कलमांनी घडवून आणली. राष्ट्रीय की आंतरराष्ट्रीय, या प्रश्नपत्रिकेत या उत्तरासाठी जागाच नाही.

'राष्ट्रीय' म्हणजे कोणासाठी?

येथून सार्वभौमत्वाच्या पक्षाकडे वळावे लागते. रशियाचा 'सार्वभौम इंटरनेट' कायदा नोव्हेंबर २०१९ मध्ये अमलात आला. चीनने २०१४ पासून वूझेन येथे परिषदा भरवून सायबर-सार्वभौमत्वाची संकल्पना जगापुढे ठेवली. या दोन देशांची उदाहरणे देऊन सार्वभौमत्वाचा पक्ष निकालात काढण्याची प्रथा पडली आहे. ती सोयीची आहे, पण न्याय्य नाही. राष्ट्रीय व्यवस्थेत निदान तत्त्वतः न्यायालय असते, आणि दाद या कसोटीवर हा तिचा मोठा गुण आहे. म्हणून जेथे न्यायालय स्वतंत्र आहे अशा देशात, म्हणजे भारतात, ही कसोटी लावणे अधिक उद्बोधक ठरते.

नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबईत पाळल्या गेलेल्या बंदविषयी फेसबुकवर मत लिहिल्याबद्दल पालघर येथील एका तरुणीस, आणि ते मत पसंत केल्याबद्दल तिच्या मैत्रिणीस अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ त्यांना लावण्यात आले. या घटनेनंतर एका विधी-विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी 'श्रेया सिंघल' निकालाने ते कलम घटनाबाह्य ठरवले. ठाणे जिल्ह्यातील तत्कालीन एका तालुक्याच्या गावापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंतचा हा मार्ग अडीच वर्षांत पार झाला. आयकॅनच्या कोणत्याही नियमावलीत असा मार्ग नाही. सार्वभौमत्वाच्या बाजूने याहून भक्कम पुरावा दुसरा नाही, आणि त्या पक्षाचे सरकारी पुरस्कर्ते तो कधी देत नाहीत, हे लक्षणीय आहे.

मात्र त्याच निकालाने संकेतस्थळे रोखण्याचे कलम ६९-अ व त्याखालील २००९ चे नियम वैध ठरवले. त्या नियमांनुसार तक्रारी व कारवाई यांबाबत गोपनीयता पाळायची असते. परिणामी ज्याचे पान बंद झाले त्याला आदेश पाहावयास मिळेलच असे नाही, आणि न पाहिलेल्या आदेशाला आव्हान देणे हे काम कोणत्याही वकिलास सोपे नाही. दि. ५ ऑगस्ट २०१९ पासून जम्मू-काश्मीरमध्ये इंटरनेट बंद ठेवण्यात आले. त्याविरुद्ध एका वृत्तपत्राच्या संपादिकेने केलेल्या याचिकेवर १० जानेवारी २०२० रोजी न्यायालयाने असे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत व अनिश्चित काळ बंदी घालता येणार नाही, असे स्पष्ट केले. पण सेवा तत्काळ सुरू करण्याचा हुकूम दिला नाही. वेगवान फोर-जी सेवा फेब्रुवारी २०२१ मध्ये, म्हणजे बंदीनंतर सुमारे अठरा महिन्यांनी परतली. त्या काळी अशा बंदीचा कायदेशीर आधार १८८५ चा तार अधिनियम आणि त्याखालील २०१७ चे नियम हा होता. तारेसाठी राणीच्या राज्यात केलेला कायदा मोबाइलला लावणारी सत्ता सार्वभौम खरी, परंतु ते सार्वभौमत्व प्रजासत्ताकाकडून आले की वसाहतीकडून, हा प्रश्न शिल्लक राहतो. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने तार अधिनियमाची जागा घेतली. सेवा बंद करण्याचा अधिकार त्यात कायम आहे.

राष्ट्रीय नियंत्रणाचे तांत्रिक रूपही पाहण्यासारखे आहे. '.इन' हे नाव २००५ पासून 'निक्सी' या भारतीय ना-नफा कंपनीकडे आहे. त्याची तांत्रिक नोंदणी-यंत्रणा प्रथम आयर्लंडमध्ये नोंदलेल्या 'ॲफिलियास'कडे होती आणि २०१८ च्या निविदेनंतर 'न्यूस्टार' या अमेरिकी कंपनीकडे गेली. यात गैर काही नाही. पाणीपुरवठ्याचे पंप परदेशी असले म्हणून नगरपालिका परकी होत नाही. परंतु अशा करारांतील अटी ज्या तपशिलाने चर्चिल्या जावयास हव्यात, त्या तपशिलाने सार्वभौमत्वाचे वाङ्मय कधी बोलत नाही.

दाद मिळते ती कोणाला

इंटरनेटवर दाद मागण्याची व्यवस्था उभारणे अशक्य आहे, असे मात्र म्हणता येत नाही. व्यापारचिन्हांच्या मालकांसाठी ती फार पूर्वीच उभी राहिली. १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने 'रेडिफ' प्रकरणात, एका अक्षराच्या फरकाने घेतलेल्या नावाविरुद्ध मनाई हुकूम दिला. त्याच वर्षी आयकॅनने नावांच्या तंट्यांसाठी जागतिक लवाद-पद्धती स्वीकारली. २००४ मध्ये 'सत्यम इन्फोवे' प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने डोमेन नावास व्यापारी नावाप्रमाणे संरक्षण दिले, आणि पुढे '.इन' साठी स्वतंत्र लवाद-धोरणही आले. ज्याच्यापाशी नोंदलेले चिन्ह आहे त्याला न्याय सीमा ओलांडून व बऱ्यापैकी लवकर मिळतो. ज्याच्यापाशी केवळ भाषा आहे, श्रद्धा आहे किंवा प्रदेश आहे, त्याच्यासाठी अशी पद्धती नाही.

नव्या नावांच्या २०१२ च्या फेरीत हे उघड झाले. 'क्रायस्लर' या मोटार कंपनीने आपल्या ट्रकच्या नावावरून '.राम' मागितले आणि 'रिलायन्स'ने '.इंडियन्स'. भारत सरकारने शासकीय सल्लागार समितीमार्फत दोहोंस हरकत घेतली. एका हरकतीत आक्षेप परदेशी कंपनीस होता, दुसऱ्यात मुंबईच्याच. त्यामुळे या प्रसंगाला देशी विरुद्ध विदेशी असे रूप देता येत नाही. 'ॲमेझॉन' या नावासाठी ब्राझील, पेरू आदी नदीकाठच्या राष्ट्रांनी कित्येक वर्षे झुंज दिली. २०१४ मध्ये आयकॅनने त्यांचे म्हणणे मान्य केले, २०१७ मध्ये लवाद-मंडळाने कंपनीच्या बाजूने कौल दिला आणि २०२० मध्ये ते नाव कंपनीकडे गेले. लवादापुढे जाण्याची सोय कंपनीला होती. नदीकाठी राहणाऱ्या आदिवासी जमातींना कोणी विचारल्याचे आढळत नाही.

मराठी भाषकांचा या वादाशी असलेला सर्वांत निकटचा संबंधही नावाचाच आहे. '.भारत' हे देवनागरी नाव ऑगस्ट २०१४ मध्ये मराठी, हिंदी, कोकणी, नेपाळी आदी आठ भाषांसाठी सुरू झाले. देवनागरीच्या नियमांच्या या कामात पुण्याच्या 'सी-डॅक' संस्थेचा वाटा मोठा आहे. लिपी एक असली तरी तिच्या भाषांच्या गरजा एक नाहीत. मराठीत 'दऱ्या' आणि 'दर्या', 'आचाऱ्यांना' आणि 'आचार्यांना' हे भिन्न शब्द आहेत; हिंदीला या चंद्रकोरी रफाराची गरज नाही. संगणकात तो दोन रीतींनी लिहिता येतो. एक रीत 'ऱ' या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडण्याची, दुसरी 'र' व हलन्त यांच्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालण्याची. मूळ क्षेत्राच्या नावांत अदृश्य चिन्हांना मज्जाव आहे, म्हणून तेथे पहिली रीतच उरते. डोळ्यांना हुबेहूब दिसणारे, पण यंत्राला वेगळे वाटणारे दोन शब्द दोन मालकांना गेले तर फसवणुकीला वाव मिळतो. आणि दोन्ही एकच मानले तर एक मराठी शब्द नाहीसा होतो. हा निर्णय राष्ट्राचा नाही, राष्ट्रसंघाचाही नाही. तो भाषेचा आहे, आणि तो भाषाशास्त्रज्ञ व तंत्रज्ञ यांच्या एका स्वयंसेवी गटाच्या मसुद्यातून होतो. मसुदे हरकती व सूचनांसाठी प्रसिद्ध केले जातात. मसुदा इंग्रजीत असतो, तो लॉस एंजेलिस येथे मुख्यालय असलेल्या आयकॅनच्या संकेतस्थळावर असतो, आणि हरकत नोंदवण्याची मुदत साधारण सहा आठवड्यांची असते.